डॅलसहून ओक्लाहोमा सिटीला गाडीने जाताना टॉर्नेडो समोर आला तर पुलाखाली थांबावं का?

नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही.

एप्रिलअखेर चार वर्षांच्या मुलीला घेऊन आय-३५ महामार्गाने जाणार आहात, टॉर्नेडो (जमिनीला टेकलेला वाऱ्याचा भोवरा) आलाच तर उड्डाणपुलाखाली गाडी लावून वर गर्डरपाशी (पूल तोलणाऱ्या तुळयांपाशी) चढून बसावं का, आणि फोनमध्ये कुठलं ॲप असावं, असं तुम्ही विचारलंय. ॲपचं शेवटी बघू. पुलाचं आधी, कारण हा सल्ला दर वसंतात इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत नव्याने फिरतो, सोबत तीच जुनी चित्रफीत असते, आणि तो पाठवणाऱ्यांशी मी कित्येक वर्षं वाद घालत आलोय. “डोळ्यांनी दिसतंय ना, वाचले ना ते?” इथे येऊन वाद अडतो. हो, वाचले. का वाचले ते कुणी विचारत नाही.

ती चित्रफीत २६ एप्रिल १९९१ ची आहे. कॅन्ससमध्ये एल डोरॅडोजवळच्या टर्नपाइकवर (टोलच्या महामार्गावर) एका टीव्ही वाहिनीचे लोक आणि काही प्रवासी पुलाखाली, अगदी वरच्या टोकाला अंग चोरून बसले. वारा घोंघावत गेला आणि सगळे सुखरूप उठले. पण तो टॉर्नेडो कमजोर होता आणि त्याचा गाभा पुलावरून गेलाच नाही, बाजूने गेला. शिवाय त्या पुलाची बांधणी वेगळी होती. पुलाच्या टोकाशी असलेल्या मातीच्या उताराच्या, म्हणजे भरावाच्या, वरच्या टोकाला गर्डरांच्या मध्ये माणूस सरपटत शिरेल एवढी पोकळी होती आणि धरायला गर्डर होते. आय-३५ वरच्या बहुतेक पुलांखाली असं काही नाही. गुळगुळीत काँक्रीटचा उतार असतो, वर सपाट स्लॅब, धरायला काहीही नाही. त्याच दिवशी त्याच राज्यात अँडोव्हर गावावरून एफ-५, म्हणजे सगळ्यात वरच्या तीव्रतेचा, टॉर्नेडो गेला आणि १७ माणसं दगावली. त्याची चित्रफीत गटांत फिरत नाही.

आठ वर्षांनी हिशेब झाला. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात एकाच संध्याकाळी तीन वेगवेगळ्या पुलांखाली लोक असेच जाऊन बसले. न्यूकॅसलजवळ आय-४४ वर, मूरमध्ये आय-३५ वर (तुमच्याच वाटेवर), आणि उत्तरेला पेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). तिन्ही ठिकाणी एकेक माणूस गेला. वाचलेल्यांपैकी अनेकांची हाडं मोडली, अंगात लाकूड-पत्रा घुसला. पहिले दोन पूल ब्रिज क्रीक-मूरच्या एफ-५ टॉर्नेडोच्या वाटेत होते. त्याचा वारा ट्रकवर बसवलेल्या रडारने ताशी सुमारे ४८० किलोमीटर मोजला होता. तिसऱ्या पुलावरून गेलेला टॉर्नेडो मात्र वेगळा आणि त्याहून बराच कमजोर होता. तरी तिथे माणूस मेलाच. “फार मोठा टॉर्नेडो असेल तरच धोका” हे म्हणणंही इथेच संपतं.

कारण सरळ आहे. जमिनीलगत झाडं, कुंपणं, गवत वाऱ्याला अडवतात. जसजसं वर जाल तसा वारा वाढतो. भरावावर चढून तुम्ही स्वतःला जास्त वाऱ्यात नेऊन बसवता. पुलाखालची जागा दोन्ही बाजूंनी उघडी आणि मध्ये अरुंद, त्यामुळे तिथे वारा आणखी जोरात घुसतो. टॉर्नेडो पुढे सरकला की वाऱ्याची दिशा उलटते, म्हणजे आधी ज्या खांबाच्या आड होता तो खांब आता तुमच्या पाठीशी राहतो आणि तुम्ही उघड्यावर पडता. आणि माणसं मरतात ती बहुतेक उडून येणाऱ्या वस्तूंनी: पत्रे, फळ्या, काचा, खडी. हे सगळं त्या बोगद्यातून बंदुकीच्या छऱ्यांसारखं जातं.

अजून एक गोष्ट, जिचा मला सगळ्यात जास्त राग येतो. गारांपासून गाडी वाचवायला लोक पुलाखाली तिन्ही लेन अडवून उभे राहतात. मागच्या शेकडो गाड्यांना पुढे जायला जागा नाही, मागे वळायला जागा नाही. विम्यातून भरून मिळणाऱ्या काचेसाठी मागच्या कुटुंबाला टॉर्नेडोच्या वाटेत अडकवून ठेवायचं, हा गुन्हाच आहे असं माझं मत आहे.

आता करायचं काय. सगळ्यात उपयोगी काम निघण्याआधीचं आहे. ओक्लाहोमातल्या नॉर्मनमधलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर (वादळांचा अंदाज देणारं सरकारी केंद्र) रोज धोक्याचा नकाशा देतं, पाच पायऱ्यांचा. तुमच्या वाटेवर तिसरी पायरी, म्हणजे ‘एनहान्स्ड’, किंवा वरची असेल तर दुपारनंतर निघू नका. इथले बहुतेक टॉर्नेडो दुपारी चार ते रात्री नऊच्या दरम्यान येतात. रस्ता तीन-साडेतीन तासांचा आहे. सकाळी आठला निघालात तर जेवायला पोचाल.

वाटेत वादळ दिसलंच तर आधी दिशा बघा. इथली वादळं बहुधा नैऋत्येकडून ईशान्येकडे जातात, साधारण ताशी ५० किलोमीटरने, कधी ११० नेही. तुमचा रस्ता दक्षिणोत्तर आहे. वादळ वायव्येला किंवा समोर डावीकडे असेल तर ते तुमच्या पुढून रस्ता ओलांडणार. पुढचं एक्झिट घ्या, दक्षिणेला परत फिरा, अर्धा-पाऊण तास थांबा. वादळ नैऋत्येला असेल तर ते तुमच्या अंगावर येतंय. तेव्हा त्याच्या वाटेला काटकोनात, म्हणजे आधी पूर्वेकडे आणि मग दक्षिणेकडे निघायचं, पण डांबरी राज्यमार्गानेच. नकाशावर दिसणारे मैला-मैलावरचे चौकटीतले रस्ते अनेक ठिकाणी लाल मातीचे आहेत, पावसात गाडी रुतते.

भोवरा खिडकीच्या कडेच्या किंवा एखाद्या खांबाच्या तुलनेत डावी-उजवीकडे सरकत असेल तर तो तुमच्याकडे येत नाही. जागचा हलत नाही पण जाड होत चाललाय असं वाटलं तर तो सरळ तुमच्याकडे येतोय. हे गाडी थांबवूनच बघा, चालवताना नाही.

गारांबद्दल एक फसगत नेहमी होते. सुपरसेल ढगात (आतून गोल फिरणाऱ्या मोठ्या वादळी ढगात) पाऊस आणि मोठ्या गारा बहुधा टॉर्नेडोच्या पुढे आणि उत्तरेला पडतात. म्हणून गारा अचानक थांबल्या, हवा शांत झाली, उजेड आला की लोक काच खाली करून बाहेर बघतात. खरं तर सगळ्यात धोक्याचा भाग तेव्हाच जवळ आलेला असू शकतो.

टॉर्नेडो दोन-तीन मैलांवर असेल तर त्याच्याशी शर्यत नको, पक्की इमारत गाठा. पेट्रोल पंपाच्या दुकानात शिरलात तर काचेच्या दर्शनी भागापासून लांब, आतल्या स्वच्छतागृहात किंवा पेयांच्या मोठ्या शीतकक्षात. मे २०११ मध्ये मिसुरीतल्या जॉप्लिनला एका दुकानातले लोक अशाच शीतकक्षात शिरून वाचले, भोवतालचं दुकान उरलं नाही. पंपावरच्या छताखाली मात्र उभं राहू नका, ते पडतं.

इमारत नाही आणि वेळही नाही, तर दोनच मार्ग उरतात आणि दोन्ही वाईट आहेत. पहिला: गाडी रस्त्यावरून पूर्ण बाजूला, झाडं, खांब आणि मोठ्या ट्रकपासून लांब लावा. इंजिन चालू, पट्टे लावलेले, डोकं काचेच्या खाली, वरून जाकीट किंवा ब्लँकेट. बाजूच्या काचा आधी फुटतात. दुसरा: शेजारी रस्त्यापेक्षा ठळकपणे खोल चर असेल तर गाडीपासून दूर जाऊन, म्हणजे गाडी लोळत अंगावर येणार नाही इतक्या अंतरावर, पालथं पडा आणि हातांनी डोकं-मान झाका. चार वर्षांच्या मुलीसह मी पहिला निवडेन. तिला सीटच्या पट्ट्यांतच ठेवा, तिच्या डोक्यावर जाड पांघरूण घाला. उडत्या गारा आणि काचांत तिला उचलून धावणं हा मोठा धोका आहे. चर खूप खोल आणि दहा पावलांवर असेल तर मात्र निर्णय तुमचा. रस्त्याखालच्या मोरीत (पाणी वाहून नेणाऱ्या नळात) कधीच शिरू नका. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमा सिटीत असा आसरा घेतलेली माणसं पुराच्या पाण्यात बुडाली.

त्याच दिवशी एल रेनोजवळ जे झालं ते “टॉर्नेडो दिसला की गाडीत बसून पळायचं” म्हणणाऱ्यांनी वाचावं. टॉर्नेडो सव्वाचार किलोमीटर रुंद झाला, आग्नेयेकडे जात असताना डावीकडे वळला आणि वेग वाढवला. त्यात गेलेली आठही माणसं वाहनांत होती. त्यांत आयुष्यभर टॉर्नेडोचा अभ्यास केलेले टिम समारास होते. शहरातले लोक घरं सोडून महामार्गांवर आले आणि गाड्या जागच्या जागी अडकल्या. १९७९ मध्ये टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सलाही तसंच झालं होतं. मेलेल्यांपैकी २५ जण वाहनांत होते, त्यांतले १६ पळून जायला निघालेले, आणि त्या १६ पैकी ११ जणांच्या घरांना फारसा धक्काही लागला नव्हता. हॉटेलात किंवा नातेवाइकांच्या घरी असाल तर तिथेच तळमजल्यावरच्या आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत बसा. फिरतं घर (मोबाइल होम) असेल तर मात्र आधीच बाहेर पडा.

वर दिशांचं जे सांगितलं ते दिवसा आणि मोकळ्या क्षितिजावरच चालतं. टॉर्नेडो पावसाच्या पडद्यात लपलेला असला, अंधार असला, किंवा तुम्ही आर्डमोरच्या पुढे आरबकलच्या डोंगरांत असलात, तर डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. आणि एक वादळ गेलं की त्याच्या नैऋत्येला दुसरं असतं, रडार बघितल्याशिवाय पुन्हा निघू नका.

आता ॲप. रडार दाखवणारं कुठलंही चालेल, फक्त फोनमधल्या सरकारी इमर्जन्सी सूचना बंद करून ठेवू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेडिओवरचे इशारे काउंटीच्या नावाने येतात. काउंटी ठाऊक नसेल तर इशारा ऐकूनही उपयोग नाही. तुमच्या वाटेवर रेड रिव्हर ओलांडल्यावर क्रमाने लव्ह, कार्टर, मरे, गार्विन, मॅक्लेन, क्लीव्हलंड आणि ओक्लाहोमा काउंटी लागतात, आणि मैलांच्या पाट्या राज्याच्या दक्षिण हद्दीपासून मोजलेल्या आहेत. ही नावं कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, आणि शेजारी बसणाऱ्याने दर एक्झिटला आपण कुठल्या काउंटीत आहोत ते बघत राहावं.