वाळवंटातलं ते पाणी वाया जात नाही

तुमचा प्रश्न: अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या अ‍ॅश मेडोज या झऱ्यांच्या अभयारण्यात जावं का, झऱ्यांत पोहता येतं का, आणि भर वाळवंटात एवढं पाणी वाया का घालवतात?

शेवटच्या भागासाठी लिहितोय. ते पाणी वाया जात नाही. स्प्रिंग माउंटन्ससारख्या डोंगरांवरचा बर्फ-पाऊस चुनखडकाच्या भेगांत मुरतो, हजारो वर्षं जमिनीखालून सरकतो आणि इथल्या प्रस्तरभंगाशी अडून वर येतो. सगळे झरे मिळून मिनिटाला सुमारे ३८,००० लिटर. यंदा उपसलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यात भरून निघेल हा हिशेब इथे चालत नाही.

डेव्हिल्स होलचंच बघा. डोंगरातली पाण्याने भरलेली कपार, तळ अजून कुणाला सापडलेला नाही. पण तिथला जेमतेम अडीच सेंटिमीटरचा पपफिश मासा चरतो आणि अंडी घालतो ते मुख्यतः काठाशी असलेल्या एका उथळ कातळावर. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जवळच्या रँचने शेतीसाठी उपसा सुरू केला, पातळी उतरली, कातळ उघडा पडू लागला. खाली अथांग पाणी असून माशाला उपयोग शून्य. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७६ साली एकमताने निकाल लागला: १९५२ मध्ये ही जागा डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारकात (म्हणजे सरकारी संरक्षित क्षेत्रात) घेतली तेव्हाच तिला लागणारं पाणीही राखलं गेलं, नंतरच्या उपशाचा हक्क त्याच्या मागे. तरी पुढे आजूबाजूला हजारो घरांची वसाहत येऊ घातली होती. नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेने ती जमीन विकत घेतली, म्हणून १९८४ मध्ये अभयारण्य झालं.

‘माझ्या रानात बोअर, पाणी माझं’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींशी माझा वाद नेमका हाच आहे. झरा कुंपणाने वाचत नाही. लांबच्या बोअरवर बंधन लागतं.

जा, पण हिवाळ्यात किंवा वसंतात. पेट्रोल आणि प्यायचं पाणी जवळच्या पाहरम्प गावात भरून घ्या, आत पेट्रोल मिळत नाही. रस्ते खडीचे, पावसानंतर चिखलाचे. पॉइंट ऑफ रॉक्स आणि क्रिस्टल स्प्रिंगला लाकडी पायवाट आहे. वसंतात या झऱ्यांतल्या पपफिशचे निळे नर तिथूनच दिसतात. डेव्हिल्स होल मात्र जाळीआडून, लांबूनच. झऱ्यांत उतरायचं नाही. घरच्या टाकीतले मासे तर चुकूनही सोडू नका. असेच बाहेरून आलेले मॉली मासे आणि क्रेफिश (झिंग्यासारखे गोड्या पाण्यातले प्राणी) स्थानिक माशांच्या मुळावर उठलेत.

आणि हो, उपसा सरसकट बंद करा असं माझं म्हणणं नाही. न्यायालयानेही तसं केलं नव्हतं. कातळावर पुरेसं पाणी राहील एवढी पातळी ठरवून दिली, त्याखाली उपसायचं नाही.