कारवीच्या भिंतीबद्दल, भट्टी लावण्याआधी

अगं,

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. रुग्णालयाच्या दर्शनी दालनातली बारा फूट लांब, आठ फूट उंच भिंत, तिच्यावर पोर्सेलिनची, म्हणजे पांढऱ्याशुभ्र चिनी मातीची, सहाशे कारवीची फुलं, आणि दिवाळीच्या आधी सगळं बसवून द्यायचं. आधी मनापासून अभिनंदन करून घेते, कारण पुढे बरंच टोकणार आहे.

फूल सुरेख झालंय. पाकळी कडेला दीड मिलिमीटर, उजेडासमोर धरली की बोटांची सावली दिसते असं तू लिहितेस, आणि फोटोत ते कळतंय. पण तू फूल केलंस, कारवी केली नाहीस. त्या जागी कोरांटीची किंवा गोकर्णाची सहाशे फुलं लावली असती तरी भिंत तेवढीच छान दिसली असती. मग कारवीच का? पत्रात उत्तर आहे, 'सात वर्षांनी फुलते म्हणून'. ते तर माहितीच्या फलकावरही लिहिता येईल. मातीत कुठे आहे ते?

कारवी बहुतेक आयुष्य काठी आणि पान म्हणूनच काढते. सात-आठ वर्षं डोंगरउतारावर नुसती दाटी करून उभी असते, मग एका पावसाळ्यात अख्खा उतार एकदम जांभळा-निळा होतो, फळं धरतात आणि झुडूप मरतं. फळं तशीच वाळत राहतात, आणि पुढे दमट हवा किंवा पहिल्या सरी लागल्या की तडतड फुटून बिया उडवतात. आणि दुसरी गोष्ट, जी तुझ्या पिढीला माहीत नसेल: कोकणात आणि मावळात कारवीच्या काठ्यांचे कूड घालायचे. काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायच्या, झाली भिंत. माझ्या आजोळी गोठ्याला तसा कूड होता. पावसाळ्यानंतर लिंपण जागोजाग गळायचं आणि आतल्या काठ्या बरगड्यांसारख्या दिसायच्या. दिवाळीआधी आजी पुन्हा हात फिरवायची. ओल्या मातीवर तिच्या चार बोटांचे अर्धगोल उमटायचे, एकाशेजारी एक.

म्हणजे बघ, तुला भिंत मिळाली आहे आणि वनस्पती अशी निवडलीस जी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच भिंत होती. वर तू काम करतेस मातीत! आणि एवढं सगळं सोडून तू तिचं फूल तेवढं उचललंस. हुबेहूब कूड कर असं मी म्हणत नाहीये, ते फार्महाऊसच्या सजावटीसारखं दिसेल. पण काठीवरची पेरं, फुलं गळून गेल्यावर उरणारे खरखरीत तुरे, लिंपणावरची बोटं, यातलं काहीतरी भिंतीवर येऊ दे. फुलं सहाशेऐवजी साठ असली तरी चालतील. दाटी काठ्यांची आणि मध्ये कुठेतरी फुलोरा, हेच प्रमाण जास्त खरं.

तू फोटो काढलेस त्याच उतारावर पाऊस लागायच्या आत परत जा. या खेपेला कॅमेरा घरी ठेव आणि वही ने. खाली पडलेलेच तुरे उचल, उभ्या झाडाला हात लावू नकोस, आणि राखीव जागा असेल तर पडलेलंही आणू नकोस. घरी एखाद्या तुऱ्यावर पाण्याचा शिंतोडा मारून कान लावून बस.

वाळलेला तुरा पातळ स्लिपमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या मातीत, बुडवून भट्टीत घालायचा मोह होईलच, सगळ्यांना होतो. आतलं झाड जळून जातं आणि वर पोकळ कवच उरतं. दारंखिडक्या उघडून एकदा जरूर कर, धूर फार होतो. पण ते शिकण्यासाठी. असं कवच लोकांच्या जागेत आठवडाभरही टिकत नाही. त्यातलं सगळ्यात चांगलं निवड, त्यावरून मऊ मातीत हातानं मोठा नमुना घडव आणि त्याचा प्लास्टरचा साचा काढ. लंडनमध्ये काम करणारी जपानी कलावंत हितोमी होसोनो साच्यातून पानं काढते, प्रत्येकावर हातानं पुन्हा कोरते आणि शेकडो पानं एकावर एक चढवत भांडं दाट करत नेते. ब्रिटिश म्युझियमनं तिचं काम घेतलं आहे. साचा वापरला म्हणजे हात कमी लागला, हा आपल्याकडचा गैरसमज तिचं एक भांडं जवळून पाहिलं की जातो.

आता मातीबद्दल. आपण लोणच्याच्या बरणीपासून विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरपर्यंत सगळ्याला 'चिनी माती' म्हणून मोकळे होतो. बरणी बहुधा स्टोनवेअर या दणकट भाजक्या मातीची, तिचं अंग जाड आणि स्वभाव सोशिक. पोर्सेलिनचं तसं नाही. साधारण निम्मी केओलिन ही पांढरी माती, उरलेल्यात फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ ही खनिजं. केओलिन हे नाव चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग टेकडीवरून आलं, आणि पोर्सेलिन हे इटालियन भाषेतल्या कवडीच्या नावावरून. कवडी! तसाच घट्ट, गुळगुळीत पांढरेपणा. तो हवा असेल तर माती १२५० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते, आणि तिथे ती जवळजवळ वितळायच्या बेतात असते. म्हणून तुझ्या फुलांचे देठ कलले. घडवण्यात चूक नव्हती, टेकू नव्हता. टेकू त्याच मातीचा कर, म्हणजे दोन्ही एकत्र आकसतील, आणि मध्ये अल्युमिनाची पूड लाव, नाहीतर टेकू कायमचा चिकटेल.

या मातीला आठवणही दांडगी. चाकावर श्रीखंडासारखी लुसलुशीत वागते, पण ओली असताना वाकलेली काठी तू सरळ केलीस तर वाळेपर्यंत सरळ राहते आणि भट्टीत पुन्हा वाकते. काठ्या करणार असशील तर त्या वाकू देच. कारवी कुठे फुटपट्टीनं आखलेली असते?

आकसण्याचा हिशेब कागदावर मांड. तुझी माती १३ टक्के आकसते म्हणालीस, तर २० सेंटिमीटरच्या काठीसाठी ओली काठी २३ सेंटिमीटरची हवी. भोकांनाही हाच हिशेब. माझ्या एका शिष्यानं दोनशे तुकड्यांना नेमकी खिळ्याच्या मापाची भोकं पाडली होती. भट्टीतून निघाल्यावर एकातही खिळा जाईना.

पावसाळ्यात वाळवणं हा तुझा खरा शत्रू. जुलैत हाताला कोरडा लागणारा तुकडा आतून ओला असतो आणि बिस्कमध्ये, म्हणजे पहिल्या भाजणीत, फुटतो. पाण्याच्या उकळबिंदूखाली भट्टी काही तास नुसती तेवत ठेव, मग चढव. उतरताना ५७३ अंशांपाशी घाई नको, तिथे क्वार्ट्‌झ आकार बदलतो. आणि शंभराच्या आत आल्याशिवाय झाकण उचकटून डोकावायचं नाही. तुझी ती सवय मला माहीत आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. वीसेक वर्षांपूर्वी मी एका इमारतीच्या प्रवेशदालनात पिंपळपानं टांगली होती. पारदर्शक, कागदासारखी, तुझ्यासारखाच माझाही त्या पातळपणावर जीव. उद्घाटनाला सगळे माना वर करून बघत होते. आठवड्यानं वातानुकूलन पूर्ण जोरात सुरू झालं, झोत थेट पानांवर, आणि ती एकमेकांवर किणकिणायला लागली. लोकांना वाटलं, मुद्दामच केलंय. महिन्याभरात निम्म्या पानांच्या कडांचे टवके उडाले. मग कुणीतरी पिसांच्या लांब झाडणीनं धूळ काढली आणि उरलेल्यांतली चार खाली आली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. चूक झाडणीवाल्याची नव्हती. धूळ कोण आणि कशानं काढणार हे मी विचारलंच नव्हतं.

नाजूक दिसणं वेगळं आणि नाजूक असणं वेगळं. निसर्गाकडून उचलायचं तर हे उचल. पान कडेला पातळ असतं, पण शिरेपाशी, देठापाशी जाड असतं. डोळा कडेवर जातो आणि अख्खी वस्तू पातळ आहे असं धरून चालतो. तुझी पाकळी कडेला दीड मिलिमीटर राहू दे, बुडाशी सहा-सात कर. हाताच्या उंचीवर एकही टोकदार कड नको. फुलं वर ने, खाली काठ्या आणि लिंपण येऊ दे. त्याला लोक हात लावणारच, आणि लावू दे. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०१० साली आय वेवे या चिनी कलावंतानं जिंगदेझेनच्या कारागिरांकडून घडवलेल्या दहा कोटी पोर्सेलिनच्या सूर्यफुलाच्या बिया अंथरल्या होत्या. लोकांनी त्यावरून चालावं अशी कल्पना होती. काही दिवसांतच पायांखाली उडणाऱ्या धुळीमुळे चालणं बंद करावं लागलं. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होऊ शकतं, तर आपण जमिनीवरच राहिलेलं बरं.

धुळीवरून आठवलं. कार्यशाळेत झाडू मारू नकोस, ओल्या फडक्यानं पूस. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. कोरडं घासताना मास्क, आणि याबाबत मी काही ऐकून घेणार नाही.

प्रत्येक तुकडा स्टेनलेस स्टीलच्या पिनेवर बसव, मध्ये सिलिकॉनची नळी. गोंदानं कायमचा चिकटवू नकोस. एक काठी तुटली तर एकच बदलता आली पाहिजे. त्यासाठी शंभराला पंधरा जास्तीचे तुकडे त्याच भट्टीत, त्याच ग्लेझमध्ये (वरच्या काचेसारख्या लेपात) भाजून, क्रमांक घालून पेटीत ठेव. सहाशे तुकडे दीडशे ग्रॅमचे धरले तरी नव्वद किलो होतात, त्यात चौकटीचं वजन वेगळं. भिंत विटांची आहे की जिप्समची, हे आजच विचार आणि चौकटीवर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घे.

ग्लेझ न लावता नुसता पांढरा अंगचा पोत ठेवायचा तुझा विचार रुग्णालयात चालायचा नाही. बोटांचा तेलकटपणा धरतो आणि तिथे रोज जंतुनाशकानं पुसतात. लिंपणाच्या भागाला तरी पातळ ग्लेझ हवंच. जांभळ्यासाठी मॅग्नेशियाच्या ग्लेझमध्ये किंचित कोबाल्ट घालून बघ, एक टक्क्याच्याही आत. जास्त झालं की शाळेच्या गणवेशाचा निळा येतो. आणि पारदर्शकतेबद्दल: मागून उजेड नसेल तर ती कुणालाही दिसणार नाही. आर्किटेक्टशी दिव्यांचं बोलणं झालेलं नसेल तर त्या पातळपणाचा आग्रह आत्ताच सोड.

पैशांचं तू दोन ओळींत उरकलंस, मीही उरकते. घडणीचे मागितलेस, वाहतूक, विमा आणि बसवणीचे विसरलीस. सुधारून पाठव.

एक दिवस सकाळी सातला त्या दालनात जाऊन बस. आर्किटेक्ट नको बरोबर. तिथे येणारं कुणीही कला बघायला आलेलं नसतं. कुणाच्या हातात रिपोर्टचा लिफाफा, कुणी टोकन घेऊन बसलेलं, एखादं पोर कंटाळून भिंतीला हात घासत फिरतंय. ते कुठे बसतात, बसल्यावर नजर किती उंचीवर जाते, ते वहीत मांड. सफाईच्या मावशी असतील त्यांच्याशी बोल. फडकं कुठलं, द्रावण कुठलं, हात कुठपर्यंत पोचतो, सगळं विचार. त्यांना एक काठी हातात देऊन बघ आणि त्या कशी धरतात ते नीट पाहून ये.

मी सतरा तारखेला बिस्क लावतेय. वरच्या दोन फळ्या तुझ्यासाठी रिकाम्या ठेवते. काठ्या आण दहा-बारा, वाकड्याच आण. आणि तुरा मिळाला तर एक न भिजवलेला माझ्यासाठी राखून ठेव. तो आवाज ऐकून मला फार वर्षं झाली.

तुझ्या
बाई