आकडा वावरातून येतो

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

बी.एस्सी.नंतर सांख्यिकी घेऊ का, आणि ती शिकलेला माणूस दिवसभर करतो काय, असं तू विचारलंस. तुझ्या बाबांना हे बेरजा-वजाबाक्यांचं काम वाटतं. ते संगणक करतो गं. आकडे कुठून आणायचे, किती आणायचे आणि त्यांच्यावर कितपत विसंबायचं, हे आपण ठरवतो.

आपल्या महसूल मंडळातला, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटातला, सोयाबीनचा पीक कापणी प्रयोग एकदा नीट पाहा; वावरातला एक तुकडा कापून, तोलून उत्पादनाचा अंदाज काढतात तो. गाव, गट नंबर, वावरातली जागा, सगळं यादृच्छिक पद्धतीने, चिठ्ठी काढल्यासारखं निघतं. मोजलेली पावलं जिथे संपतील तिथेच दोरी लावून तुकडा आखायचा, पीक विरळ असो की दाट. मग कापायचं, मळायचं, तोलायचं, दाणा वाळल्यावर पुन्हा तोलायचं. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, जास्त किचकट; दर वेचणीला त्याच तुकड्यावर यावं लागतं.

दोरी लावण्यात एवढं काय, असं वाटेल. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ च्या सुमारास दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून येतं. मोजणारा प्रामाणिक असतो, पण कडेवरचं झाड आत की बाहेर असा प्रश्न आला की हात नकळत ते आत घेतो. लहान तुकड्यात आतल्या झाडांच्या मानाने कडेची झाडं जास्त, म्हणून चूकही मोठी. असे शंभर तुकडे मोजले तरी ती जात नाही, कारण सगळ्या चुका एकाच बाजूला झुकतात. हे मला या विद्येतलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्याचा पैशातला अर्थ बघ. पीक विम्यात मंडळाचं उंबरठा उत्पादन, म्हणजे मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून ठरलेली पातळी, हेक्टरी १० क्विंटल आणि यंदाचं सरासरी उत्पादन ८ ठरलं, तर तूट २० टक्के. हेक्टरी विमा रक्कम ५० हजार असेल तर भरपाई १० हजार. तेच ८ चुकून ९ झालं की हाती ५ हजार. आणि कळवळ्यापोटी ८ चं ७ कुणी लिहिलं, तर तोच आकडा पुढच्या वर्षांचा उंबरठा खाली ओढू शकतो. म्हणून कुणाच्याही बाजूने आकडा हलवायचा नाही. तुझ्यावर दोन्हीकडून दबाव येईल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कामं पुष्कळ आहेत: औषधांच्या चाचण्या, विमा, कारखान्यातली गुणवत्ता, कृषी विद्यापीठातले वाणांचे प्रयोग. सरकारी नोकरी हवी तर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा आहे. गणित पक्कं कर, संभाव्यता घाई न करता शीक, आर ही संगणक भाषा आतापासून हाताळ.

सोयाबीन काढणीला आलं की सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून प्रयोगाला जा. वही ने. तुकडा कसा निवडला ते आधी लिही, वजन नंतर, आणि ती वही मला पाठव.

तुझा,
काका