नवे ब्रेक बसवल्यावर स्टिअरिंग थरथरतंय?

घाबरू नकोस, हे बहुधा घरीच सुटेल. आधी बघ, थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते की एरवीही? एरवीही येत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करून घे.

फक्त ब्रेकवर येत असेल तर ‘डिस्क वाकली’ हे गॅरेजमधलं ठरलेलं उत्तर लगेच मानू नकोस. नवी डिस्क सहसा सरळच असते, खोट असते ती हबवरच्या (डिस्क ज्यावर बसते तो भाग) गंजात. कागदाइतका पापुद्राही डिस्कच्या कडेला जास्त जाणवतो. डिस्क काढ, हब वायर ब्रशने धातू चमकेपर्यंत घास. डायल गेज (डिस्क किती डुलते ते मोजणारं उपकरण) मिळालं तर डिस्क परत बसवून फिरवून बघ, डुलणं ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- चाकाचे बोल्ट इम्पॅक्ट गनने आवळणं. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापर, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने. फोक्सवॅगन पोलोला १२० न्यूटन-मीटर.
- बेडिंग (नवे ब्रेक पॅड डिस्कवर नीट बसवून घेणं) न करणं. पॅडच्या डब्यावरची पद्धत रिकाम्या रस्त्यावर तंतोतंत पाळ.
- ब्रेक तापलेले असताना पेडल दाबून गाडी उभी ठेवणं. पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो.

पेडल मऊ लागलं तर मात्र गाडी हलवूच नकोस.