‘स्पष्टवक्ती’ की ‘फटकळ’? ‘पण’ जोडून पाहा

प्रश्न इंदूरच्या राजेंद्रनगरातून आला आहे. घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की हिंदी, अशा घरातला. मनात येईल ते तोंडावर सांगून टाकणाऱ्या मुलीला शेजारी ‘मुँहफट’ म्हणतात, आईवडील ‘स्पष्टवक्ती’ म्हणतात आणि आजी ‘फटकळ’ म्हणते. यातलं बरोबर कोणतं? आणि जोडप्रश्न असा, की ‘मी त्याला साफ बोललो’ हे वाक्य मराठीत चालेल का?

हिंदी ‘मुँहफट’ला मराठीत अगदी जवळचा शब्द ‘फटकळ’ हाच. म्हणजे शेजारी आणि आजी एकच गोष्ट सांगताहेत, आईवडील वेगळी. ‘स्पष्टवक्ती’ हे ‘फटकळ’चं सौम्य रूप आहे अशी समजूत सर्रास आढळते, पण ती चुकीची आहे.

ओळखायचं कसं? वाक्यापुढे ‘पण मनाने चांगली आहे’ एवढं जोडून पाहा. ‘ती फटकळ आहे, पण मनाने चांगली आहे’ हे कुठेही अडत नाही, उलट ‘फटकळ’ शब्द बहुतेक वेळा याच शेपटासकट ऐकू येतो. आता ‘ती स्पष्टवक्ती आहे, पण मनाने चांगली आहे’ म्हणून बघा. ऐकणारा थबकतो. ‘पण’च्या आधी काहीतरी उणं लागतं आणि ‘स्पष्टवक्ती’मध्ये उणं काहीच नाही. ‘उद्धट’ घेतला तर वाक्य उलट्या बाजूने अडतं. उद्धटपणा मनातूनच येतो असं मराठी माणूस धरून चालतो, त्यामुळे ‘उद्धट आहे, पण मनाने चांगला’ पटत नाही. ‘उद्धट आहे, पण हुशार आहे’ किंवा ‘पण कामाला वाघ आहे’ चालतं, कारण तिथे भरपाई दुसरीकडून येते. एका ‘पण’ने तीन शब्द वेगळे होतात: स्पष्टपणा बोलण्याच्या मजकुरात असतो, फटकळपणा जिभेत असतो, उद्धटपणा समोरच्याला आपण काय समजतो त्यात असतो.

स्वतःबद्दल बोलतानाही हे दिसतं. ‘माझं तोंड जरा फटकळ आहे, मनावर घेऊ नका’ असं माणूस सहज कबूल करतो. ‘मी स्पष्टवक्ता आहे’ असंही सांगतो, आणि ते सांगून झाल्यावर पुढे काय येतं तिकडे नीट कान द्यावा. ‘मी उद्धट आहे’ असं मात्र कुणी म्हणत नाही. ती पदवी दुसऱ्याकडूनच मिळते.

व्युत्पत्ती इथे खरंच उपयोगी पडते. ‘स्पष्ट’ हा संस्कृत ‘स्पश्’ धातूपासून आला. त्या धातूचा अर्थ पाहणे. हेराला संस्कृतात ‘स्पश’ म्हणतात तो त्याच मुळातून. म्हणजे जे डोळ्यांना दिसेल ते स्पष्ट. ‘उद्धट’ आला ‘उद्धत’वरून. वर उसळलेला, उडालेला असा त्याचा मूळ अर्थ. उडालेल्या धुळीलाही संस्कृतात हे विशेषण लागतं. एका शब्दात दाखवणं आहे, दुसऱ्यात वर चढणं. ‘प्रामाणिक’ तिसरीकडचा, ‘प्रमाण’वरून आलेला. ज्याचं बोलणं पुरावा म्हणून धरता येईल तो प्रामाणिक. तो मितभाषी असू शकतो, भिडस्तही असू शकतो. म्हणूनच ‘प्रामाणिकपणे सांगायचं तर’ ही हल्लीची सुरुवात कानाला खटकते. मराठीत तिथे ‘खरं सांगायचं तर’ किंवा नुसतं ‘खरं सांगू का?’ आहे. त्यातल्या ‘का’ने समोरच्याची परवानगीही घेतली जाते.

आता एक प्रसंग जवळून पाहू. सकाळचे पोहे, वर शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), पण पोहे कोरडे झालेत. हीच गोष्ट मराठीत अशी सांगता येते.

‘पाण्याचा हबका जरा कमी पडला.’
‘पोहे कोरडे झालेत.’
‘तू पोहे कोरडे केलेस.’
‘तुला पोहे येतच नाहीत.’
‘माहेरी पोहे होत नव्हते वाटतं?’

पहिल्या दोन वाक्यांत कर्ता आहे हबका आणि पोहे. ‘पडला’, ‘झालेत’ ही अकर्मक क्रियापदं. दोष पूर्ण सांगितला, पण कुणाच्या नावावर टाकला नाही. मराठीत या सोयीचा मोठा साठा आहे: मीठ पुढे गेलं, फोडणी करपली, भात खाली लागला, शिवण सरकली, हिशेब चुकला. तिसऱ्या वाक्यात ‘तू’ आला आणि ‘झाले’चं ‘केलेस’ झालं. माहिती काडीचीही वाढली नाही, आरोप तेवढा वाढला. फटकळपणा इथून सुरू होतो. चौथ्यात ‘च’ शिरला. आजच्या एका ताटलीवरून आयुष्यभराचा निकाल दिला गेला, आणि तो खोटा आहे, कारण परवाचे पोहे चांगले झाले होते. पाचव्यात पोहे उरलेच नाहीत. हा टोमणा, आणि असं बोलणाऱ्याला ‘कुजकट’ म्हणतात, फटकळसुद्धा नाही.

‘मी खरं तेच बोलतो, म्हणून लोकांना लागतं’ हे समर्थन घरोघरी चालतं आणि त्यातच गफलत आहे. वरची पाच वाक्यं सत्याच्या मापाने लावली तर सगळ्यात खरं वाक्य पहिलं ठरतं, कारण त्यात कारणही आहे: हबका कमी पडला. खाली जावं तसं बोलणं अधिक लागतं आणि कमी खरं होत जातं. ज्ञानेश्वरीच्या 13व्या अध्यायात बोलण्याची चार विशेषणं एका ओळीत आली आहेत: ‘साच आणि मवाळ । मितुले आणि रसाळ’. साच, म्हणजे खरं, आणि मवाळ तिथे शेजारी बसले आहेत, एकमेकांचे विरोधक म्हणून नाही. ‘मितुले’ म्हणजे मोजकं, मापात असलेलं. चौथ्या वाक्यात नेमकं ते माप सुटलं.

या कुटुंबातले बाकीचे शब्द एकमेकांच्या जागी टाकले जातात, तेही थोडक्यात. ‘परखड’ मताला, लेखाला, टीकेला लागतो. त्यामागे अभ्यास गृहीत आहे. जेवणाच्या चवीवर कुणी परखड होत नाही. ‘सडेतोड’ला आधी प्रश्न किंवा आरोप हवा, म्हणून सडेतोड उत्तर असतं, ‘सडेतोड सूचना’ जमत नाही. हिंदीतलं ‘दो टूक’ याच्याच जवळचं, आणि निर्णयाला आपल्याकडे ‘एक घाव दोन तुकडे’ आहेच. ‘रोखठोक’ व्यवहारातून आला, हातात रोख पैसे, उधारी नाही. बोलण्याला लावला तरी तो वास टिकून आहे: आत्ताच, इथेच, मागे काही शिल्लक न ठेवता. ‘आगाऊ’ लहानांसाठी. ‘उद्धट’ बहुधा धाकट्याने थोरल्याशी वागताना, तर ‘उर्मट’ ज्याच्या हाती थोडाफार अधिकार आहे त्याला जास्त शोभतो. खिडकीमागचा कारकून उर्मट असतो, शाळकरी मुलगा उद्धट. ‘मुजोर’ म्हणजे मूळचा ‘मुँहजोर’, लगाम न मानणारा घोडा. सांगूनही न ऐकणाऱ्याला तो नीट बसतो, नुसत्या तोंडाळ माणसाला नाही.

एक गोष्ट बोचते ती सांगायलाच हवी. तेच वाक्य, त्याच आवाजात बोलून, पुरुष ‘स्पष्टवक्ता’ ठरतो आणि बाई ‘फटकळ’. शब्द निवडताना आधी मुलीचं वाक्य कागदावर लिहावं, कुणी म्हटलं ते झाकावं आणि मग ठरवावं.

आता इंदुरी मराठीची खास अडचण. हिंदीच्या सहवासात इथे काही वाक्यं अशी होतात, की बोलणाऱ्याच्या मनात नसलेला राग त्यांत शिरतो. ‘मैंने उसको बोला’वरून ‘मी त्याला बोललो’ होतं. मराठीत ‘आई मला बोलली’ म्हणजे आई रागावली. नुसतं सांगितलं असेल तर ‘मी त्याला म्हणालो’ किंवा ‘सांगितलं’. तसंच ‘सुनाना’चं. हिंदीत कविताही सुनाते हैं; मराठीत ‘सुनावली’ म्हटलं की खडे बोल किंवा शिक्षा. कविता ‘म्हणून दाखवली’ किंवा ‘ऐकवली’. आणि ‘साफ’ मराठीत नकाराच्या किंवा ठाम विधानाच्या आधी येतो: साफ नाकारलं, साफ खोटं, साफ विसरलो. म्हणून ‘मी त्याला साफ बोललो’ याचा मराठी कानावर पडणारा अर्थ जवळपास ‘मी त्याची खरडपट्टी काढली’ असा. हवं ते वाक्य: ‘मी त्याला स्पष्ट सांगितलं.’ थोडा वैताग दाखवायचा असेल तर ‘स्पष्टच सांगितलं’. एका ‘च’चा फरक, पण जाणवतो.

उलट दिशेनेही घोळ होतो. ‘आई, तू बस’, ‘आजी, तू जेवलीस का?’ यात मराठी घरात मायाच आहे, पण ‘आप बैठिए’ची सवय असलेल्या शेजाऱ्याला हा ‘तू’ उद्धट वाटतो. ‘इकडे या’, ‘जरा सरका’ ही आपली आदराची आज्ञार्थी रूपं. हिंदी कानाला ती ‘आओ’, ‘सरको’सारखी लागतात, कारण आपल्याकडे ‘आइए’सारखं वेगळं रूप रोजच्या बोलण्यात नाही. ते काम ‘जरा’, ‘ना’ आणि ‘का’ करतात: ‘जरा सरकता का?’ मुलगी शेजाऱ्यांना मुँहफट वाटते त्यात या भाषांतराचा वाटा किती, हेही घरच्यांनी एकदा तपासावं.

लिहिताना लागतील ती रूपं: पुल्लिंगी ‘स्पष्टवक्ता’, स्त्रीलिंगी ‘स्पष्टवक्ती’, भाववाचक ‘स्पष्टवक्तेपणा’. ‘स्पष्टवक्तापणा’ नको. ‘फटकळ’, ‘परखड’, ‘उद्धट’ लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, त्यांना थेट ‘-पणा’ लागतो. ‘ती फटकळी आहे’ हे कुठे लिहिलेलं दिसलं तर ‘फटकळ’ करून टाकावं.