हाताला खात्री येईपर्यंत : फिजिओथेरपीच्या अंतिम टप्प्यातील विद्यार्थ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : लेखी परीक्षेत मला उत्तम गुण मिळतात, पण रुग्णाच्या गुडघ्याला हात लावताच हात थरथरतात आणि पाठ असलेले सारे विसरायला होते. पदवीला सहा महिने उरले आहेत. आत्मविश्वास कधी येणार?

उत्तर : मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत मांडले : स्वतः केलेले काम जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्यांना ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या क्षणीची शरीरमनाची अवस्था. यांतला पहिला सर्वांत बळकट असतो, आणि वाचनातून तो मिळत नाही. म्हणून ज्याचे बरेवाईट लगेच पडताळता येईल असे लहान काम निवडा. मैत्रिणीच्या गुडघ्याचे वाकणे गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याच्या दोन भुजांच्या उपकरणाने, मोजा. त्याचा आस मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या बाहेरील उंचवट्यावर, स्थिर भुजा खुब्याच्या बाहेरील उंचवट्याच्या दिशेने आणि हलती भुजा घोट्याच्या बाहेरील हाडाच्या दिशेने ठेवा. आकडा स्वतः न पाहता तिसऱ्या कोणाला तरी लिहायला सांगा, उपकरण काढा, पुन्हा लावा, आणि असे तीनदा करा. तिन्ही आकड्यांतला फरक पाचेक अंशांच्या आत येऊ लागला की तुमच्या हातांना हाडाचे उंचवटे सापडू लागले आहेत असे समजावे. रुग्णासमोर मात्र तळवे आधी ऊबदार करून घ्या आणि काय करणार आहात ते हात लावण्यापूर्वी त्याला सांगा. या बोलण्याने त्याचा स्नायू सैल होतो आणि तुमचा श्वासही.

प्रश्न : माझ्या हातून काही गंभीर निसटेल आणि रुग्णाला इजा होईल, या भीतीने झोप लागत नाही. ही भीती कशी घालवावी?

उत्तर : ती पूर्णपणे घालवू नका, असे मी मनापासून सांगते. नोकरीच्या सुरुवातीला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी एका रुग्णाला मी उठवले होते. वॉकरची उंची, पायावर किती भार द्यायचा, किती पावले चालवायचे, हे सारे मी घोकून आले होते. त्याला पलंगाच्या कडेला बसवले आणि लगेच उभे केले. त्याचा चेहरा पांढरा पडला, गुडघे दुमडले आणि शेजारच्या परिचारिकेने वेळीच सावरले म्हणून तो पडला नाही. मी रक्तदाब पाहिलाच नव्हता. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब पाऱ्याच्या २० मिमीने किंवा खालचा १० मिमीने किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्याला उभे राहताना होणारी रक्तदाबाची घसरण म्हणतात, हे मला परीक्षेपुरते ठाऊक होते. तेव्हापासून असा रुग्ण असला की झोपलेला असताना, बसल्यावर आणि उभा राहिल्यावर रक्तदाब मोजल्याशिवाय मी पुढचे पाऊल टाकू देत नाही.

तुमची भीती अशाच ठरलेल्या तपासण्यांत उतरवा. कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला लघवी अडते का, शौचावरचा ताबा सुटला आहे का, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आहे का, दोन्ही पायांतली ताकद कमी होत आहे का, हे न संकोचता विचारा. यांतले काही नव्याने सुरू झाले असेल, तर व्यायाम न देता त्याच दिवशी तातडीच्या विभागात पाठवा. घोटा मुरगळून आलेला प्रौढ दुखापतीनंतर लगेच आणि आताही चार पावले टाकू शकत नसेल, किंवा घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर खालच्या सहा सेंटिमीटरांत दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे हवा. शस्त्रक्रियेनंतर एकच पोटरी सुजली असेल, तर तिला मालीश न करता डॉक्टरांना कळवा. असे प्रश्न रोजच्या सवयीचे झाले की काय पाहायचे राहिले, याचा घोर कमी होतो.

प्रश्न : रुग्ण एमआरआयचा अहवाल पुढे करतात आणि ‘चकती झिजली आहे, आता काय?’ असे विचारतात. मला उत्तर सुचत नाही आणि ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटते.

उत्तर : या प्रश्नाचे बरेचसे उत्तर उपलब्ध आहे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चकतीच्या, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीच्या, झिजेच्या खुणा विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातील सुमारे ९६ टक्के लोकांत आढळल्या. हे रुग्णाला साध्या शब्दांत सांगा आणि मग अहवालाशी त्याचे दुखणे जुळते का, ते तपासून दाखवा. जे खरोखर ठाऊक नसेल तिथे ‘हे मी आज वरिष्ठांना विचारते आणि पुढच्या भेटीत तुम्हाला सांगते’ असे म्हणा, ते वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत रुग्णाने आठवण करून देण्याआधी सांगा. रुग्णाचा विश्वास बसतो तो या दुसऱ्या भेटीत.

प्रश्न : वरिष्ठांनी रुग्णासमोर माझी चूक दाखवली. तेव्हापासून मी गप्पच राहते.

उत्तर : रुग्णासमोर तसे बोलायला नको होते, हे तुमचे वाटणे रास्त आहे. तरीही त्याच आठवड्यात त्यांना एकटे गाठा आणि ‘हाताची पकड कुठे चुकली ते माझ्या हातावर करून दाखवाल का?’ असे विचारा. बहुतेक वरिष्ठ अशा नेमक्या विनंतीला नाही म्हणत नाहीत.

प्रश्न : मित्र सुया टोचण्याचे, मणक्याच्या हाताळणीचे अभ्यासक्रम करत आहेत. मी मागे पडेन का?

उत्तर : नाही. हे अभ्यासक्रम नंतरही करता येतील. सध्या प्रत्येक रुग्णाची एक ठरावीक हालचाल उपचाराआधी आणि नंतर मोजा, आणि फरक पडला नाही तर तसेच लिहा. अशा शंभर नोंदी झाल्यावर कुठला अभ्यासक्रम खरोखर हवा आहे, ते तुमच्याच वहीत दिसेल.