रत्नागिरीत स्त्री आणि धर्म वेगळे काढून प्रतिनिधित्वाचा अभ्यास करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पीएचडीसाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती घेतल्यात, विषय लिंगभाव, धर्म आणि राजकीय प्रतिनिधित्व. मार्गदर्शक म्हणतात, स्त्रिया घ्या नाहीतर मुसलमान घ्या, दोन्ही एकदम झेपणार नाही. मी दापोली तालुक्यात बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि याच विषयासाठी खाडीकाठची गावं फिरले. माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही एकत्रच घ्या. वेगळे काढलेत तर कोकणात जे बघायचंय तेच हातून निसटेल.

मीही सुरुवातीला वेगळेच काढले होते. दोन प्रश्नावल्या छापून घेतल्या. मुसलमान सदस्यांना पडद्याबद्दल आणि जमातीबद्दल (मोहल्ल्याचा कारभार बघणारी मुसलमानांची बैठक) विचारायचं, हिंदू सदस्यांना नवरा, घरकाम आणि पक्षाबद्दल. एका मोहल्ल्यातल्या सदस्य बाईंनी माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले, चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "मॅडम, वरच्या वाडीतल्या ताईंनापण हेच विचारलंत काय?" नव्हतं विचारलं. त्या रात्री मी दोन्ही प्रश्नावल्या बाजूला ठेवल्या. पुढे सगळीकडे एकाच प्रश्नाने सुरुवात केली : तुमचं नाव कुठल्या बैठकीत ठरलं, आणि त्या बैठकीला तुम्ही होतात का?

वरच्या वाडीतल्या ताईंचं नाव गावकीत ठरलं होतं. गावकी म्हणजे काय ते तुम्ही कोकणातले नसाल तर सांगते. ग्रामदेवतेचे मानपान, शिमग्याची पालखी कुठल्या घरी कधी जायची, वर्गणी, भावकीतले तंटे, हे सगळं बघणारी गावातल्या पुरुषांची बैठक. ती देवळाच्या सभामंडपात बसते. मोहल्ल्यातल्या बाईंचं नाव जमातीत ठरलं होतं. तिथेही पुरुषच. निवडणूक बिनविरोध करायची असली की गावकी आणि जमात एकमेकांशी बोलतात, कुठल्या वाडीला किती जागा ते ठरतं आणि मग महिला राखीव जागेसाठी 'कोणाची सून द्यायची' यावर चर्चा होते. दोघीही त्या वेळी घरात होत्या. एकीला निरोप दिराने आणला, दुसरीला सासऱ्यांनी. देव वेगळे, पण बायांची जागा दोन्हीकडे उंबऱ्याच्या आतच. धर्म इथे पोथीतून किंवा किताबातून येत नाही, तो बैठकीतून येतो. हे मला पुस्तकांत सापडलं नव्हतं.

म्हणून "धर्मामुळे तुम्हाला अडचण येते का?" असं कोणालाही विचारू नका. उत्तर 'नाही' असंच येणार, आणि ते खरंही असेल. अर्ज भरायला तहसीलला कोणाबरोबर गेलात, अनामत कोणी भरली, सरपंचपदाचा शिक्का कुठल्या कपाटात असतो, हे विचारा.

दुसरी गोष्ट, उत्तरेतला 'सरपंचपती', म्हणजे सरपंच बायकोच्या नावाने कारभार करणारा नवरा, जसाच्या तसा इथे आणू नका. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुली जास्त जन्मतात म्हणून नव्हे, पुरुष गावात नसतात म्हणून. हिंदू घरातला चाकरमानी मुंबईला, मुसलमान घरातला कुवेत, दुबई नाहीतर सौदीला. मागे बँक, घरपट्टी, आंब्याच्या कलमांची राखण, कोर्टाची तारीख, सगळं बाईच बघते. कारभार तिला नवा नाही. नवी आहे ती चारचौघांत बोलायची जागा. नवऱ्याच्या खुर्चीत इथे दीर येतो, जमातीचा सदर (अध्यक्ष) येतो, किंवा टेबलावर स्पीकरवर चालू ठेवलेला फोन येतो.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण मी तिथे बसले होते. मोहल्ल्यातल्या सरपंच, नवरा कुवेतला. ग्रामसेवकांनी ठराव वही पुढे केली आणि सहीची जागा बोटाने दाखवली. बाईंनी वही स्वतःकडे फिरवली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. हळूहळू, बोट ठेवून. शिक्षण सातवीपर्यंत. खोलीतले सगळे थांबले. नळपाणी योजनेच्या ठरावात टाकी कुठे बांधायची त्याचा सर्व्हे नंबर होता. त्यांनी विचारलं, "हा नंबर विहिरीच्या वरचा की खालचा?" खालचा होता. म्हणजे मोहल्ल्याला पाणी मिळालं असतं आणि वरच्या बौद्धवाडीला चढावर पोचलं नसतं. त्यांनी सही केली नाही. पुढच्या सभेत नंबर बदलून आला. आपल्या मोहल्ल्याचा फायदा सोडून त्यांनी हे केलं, आणि याबद्दल जमातीत त्यांना ऐकून घ्यावं लागलं. मुसलमानांची प्रतिनिधी की बायांची प्रतिनिधी, हा तुमच्या मार्गदर्शकांचा प्रश्न त्या सहीपाशी नेऊन बघा. त्या दिवशी त्या हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईच्या प्रतिनिधी होत्या.

पाण्याची ही गोष्ट एकटीदुकटी नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या दोन जिल्ह्यांतल्या २६५ पंचायती तपासल्या होत्या, निष्कर्ष २००४ साली आले. जिथे पंचायतीचं प्रमुखपद महिलांसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं होतं. रिखिल भवनानी यांचा अभ्यास तर आपल्या मुंबईचाच, महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांचा. एकदा महिला राखीव राहिलेला वॉर्ड खुला झाल्यावर तिथे बाई निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या वॉर्डाच्या सुमारे पाचपट होती. हे दोन्ही जरूर वाचा. मात्र मुंबईत पक्ष उमेदवारी देतो, आमच्याकडे नाव गावकी आणि जमात देते. त्यामुळे पाचपटीचा आकडा गावात टिकतो का, आणि मोहल्ल्यात नि वाडीत सारखाच टिकतो का, हा तुमच्या प्रबंधाचा गाभा होऊ शकतो.

कायद्याची चौकट तुम्हाला ठाऊक असेलच. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू, पंचायतींतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांना. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. धर्माच्या नावावर राखीव जागा नाही, त्यामुळे मुसलमान बाई पंचायतीत येते ती बहुतेक करून मोहल्ल्याच्या प्रभागातल्या महिला जागेवर. म्हणून प्रभागरचनेचा नकाशा आधी मिळवा. कोकणात प्रत्येक समाजाची वाडी वेगळी : कुणबीवाडी, भंडारवाडा, खारवीवाडा, बौद्धवाडी, मोहल्ला. मोहल्ला एका प्रभागात अखंड राहिला तर जागा पक्की, दोन प्रभागांत चिरला गेला की गेली. एका रेषेने जेवढं ठरतं तेवढं दहा भाषणांनी ठरत नाही. वर दिल्लीत काय चित्र आहे तेही डोळ्यांसमोर असू द्या : २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या, त्यात मुसलमान फक्त दोन.

बौद्धवाडी मात्र वगळू नका. धर्म म्हटलं की अभ्यासक हिंदू आणि मुसलमान एवढ्यावरच थांबतात, याचा मला खरंच त्रास होतो. महाड कोकणातच आहे आणि १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब तिथे स्त्रियांशी वेगळे बोलले होते. मी बसले त्या ग्रामसभांत उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या बाया बहुतेकदा बौद्धवाडीतल्या होत्या. धर्मांतराचा आणि त्यांच्या महिला मंडळांचा याच्याशी काय संबंध आहे, ते कोणीतरी नीट बसून लिहायला हवं.

आणि मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई. मूळचे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांच्या पुढाकाराने मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा निघाला तो सात मुस्लिम स्त्रियांचा. चिपळूणला गेलात तर जुन्या लोकांना त्याबद्दल जरूर विचारा. मतं टोकाची ऐकायला मिळतील, सगळी लिहून घ्या.

कामाची सुरुवात मुलाखतींनी करू नका, दप्तराने करा. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. तिची इतिवृत्त वही मागा आणि सह्या बघा. काही गावांत ओळीने वीस सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या दिसतील. काही गावांत अंगठे, वाकडी अक्षरं, मधेच उर्दूतली एखादी सही, एखादीने खोडून पुन्हा लिहिलेलं नाव. अशी वही जिथे मिळेल त्या गावात मुक्काम करा. शक्यतो मे महिन्यात. चाकरमानी आणि आखातातले पुरुष तेव्हा घरी असतात, आणि तेच घर त्यांच्यासमोर कसं बोलतं नि त्यांच्यामागे कसं बोलतं, हे दोन्ही ऐकायला तुम्हाला पावसाळ्यात पुन्हा यावं लागेल.